गप्प्याचा ठावठिकाणा

"बाई, तो इथे राहत नाही. गेल्या वर्षीच खोली सोडली त्याने," वसतिगृहाचे रेक्टर म्हणाले आणि चष्मा काढून पुसू लागले.

गप्प्याच्या आईला वाटलं, ह्यांचा काहीतरी घोळ होतोय. एवढी पोरं, एवढ्या खोल्या, माणसाच्या तरी काय काय लक्षात राहणार? तिने पोराचं नाव पुन्हा सांगितलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, अगदी सावकाश. शेजारी उभ्या असलेल्या आत्याला एवढा धीर नव्हता.

"अहो, मागच्याच्या मागच्या रविवारी बोललोय आम्ही त्याच्याशी! इथूनच बोलत होता. खोलीतला पंखा फार आवाज करतो म्हणाला."

"कुठल्या तरी खोलीतला करत असेल," रेक्टर म्हणाले. मग आपलं बोलणं लागल्याचं त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी स्वतः उठून दोन खुर्च्या पुढे ओढल्या. "लागोपाठ दोन वर्षं नापास झाला तो. म्हणजे पेपरच दिले नाहीत. विद्यापीठातून नाव कमी झालं की इथली खोली सोडावी लागते. घरी सांगितलं नाही का त्याने?"

दोघीही खुर्चीवर बसल्या नाहीत.

घरी त्याने काहीच सांगितलं नव्हतं. पण तो घरी सांगायचाच काय? लहानपणापासून त्याला गप्प्या म्हणायचे ते उगीच नाही. बाप गेला तेव्हा तो चालायलाही लागला नव्हता. त्याला वाढवलं दोघींनी. आई घराखालच्या दुकानात लोकांचे केस कापायची आणि आत्या, जिने लग्नच केलं नाही, ती कारखान्याच्या कँटीनवर देखरेख करायची. आत्याच्या आवाजाने कँटीनमधल्या परातीसुद्धा सरळ व्हायच्या असं लोक म्हणत. घरात बोलायचं काम तिच्याकडे होतं, ऐकायचं वहिनीकडे, आणि गप्प्या त्या दोघींच्या मध्ये बसून गणितं सोडवायचा. दर रविवारी दुपारी दुकान बंद झालं की त्याचा फोन यायचा. "बरा आहे. जेवलो. अभ्यास चालू आहे." तेवढ्यावर आई आठवडा काढायची.

गेल्या रविवारी तो फोन आला नाही. आत्या म्हणाली, विसरला असेल. सोमवारी फोन बंद, मंगळवारी बंद. मंगळवारी एका गिऱ्हाइकाच्या कानामागे आईची कात्री लागली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बुधवारी पहाटेच्या बसने दोघी निघाल्या. वाटभर आत्या म्हणत होती, "भेटू दे तर खरा, असा फैलावर घेते बघ!" आणि आता इथे रेक्टरच्या टेबलासमोर तिने पुढे ओढलेल्या खुर्चीची पाठ घट्ट धरून ठेवली होती.

"मग राहतो कुठे तो?" आईने विचारलं.

"ते मी कसं सांगणार?" रेक्टर म्हणाले. आवाजात तुसडेपणा नव्हता, पण उपयोगही नव्हता. "फाटकाबाहेर अभ्यासिका आहे. पोरं तिथे पडलेली असतात. तिथे विचारून बघा."

आधी त्या पोलीस चौकीत गेल्या. तिथल्या हवालदाराने सगळं ऐकून घेतलं, वय विचारलं आणि मान हलवली. "सज्ञान आहे. मित्राकडे असेल. आजकालची मुलं अशीच. दोन दिवस वाट बघा."

"तीन दिवस वाटच बघतोय!" आत्या म्हणाली.

"मग अजून दोन," हवालदार म्हणाला. त्याला हा विनोद वाटला असावा. आईने आत्याचा दंड धरून तिला बाहेर आणलं, नाहीतर तिथेच काहीतरी होऊन बसलं असतं.

फाटकासमोरच्या रस्त्यावर विद्यापीठाच्याच जिवावर जगणारं एक वेगळं गाव होतं. झेरॉक्सची दुकानं, जुन्या पुस्तकांचे ढीग, चहाच्या टपऱ्या, सायकल दुरुस्तीवाला, आणि त्यांच्या मध्ये तीन मोठ्या इमारती. एक अभ्यासिका, एक कलामंदिर आणि टोकाला क्रीडासंकुल. मुलं ह्या दारातून त्या दारात जात होती, हसत होती, एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत होती. गप्प्याच्या आईला त्या प्रत्येक मुलाचा राग आला. हे सगळे दिसतात, मग माझाच का नाही?

अभ्यासिका म्हणजे एक लांबलचक दालन होतं. सगळ्या खुर्च्या एकाच दिशेला, भिंतीकडे तोंड करून. दारातून दिसत होत्या त्या फक्त पाठी आणि डोक्यांच्या मागच्या बाजू. इतकी माणसं, पण आवाज फक्त पानांचा. आई दारातच थांबली. डोक्याची मागची बाजू तिला तोंडासारखीच वाचता यायची, जन्मभर तेच तर बघितलं होतं. आणि गप्प्याच्या डोक्यावर दोन भोवरे होते. ह्याची दोन लग्नं होणार म्हणून आत्या त्याला चिडवायची. आई एकेका रांगेतून चालू लागली. हा नाही. हा नाही. ह्याचे केस फार राठ. ह्याला लवकरच टक्कल पडणार. हा नाही.

शेवटच्या रांगेत एक मुलगा टेबलावर डोकं ठेवून झोपला होता. दोन भोवरे. मानेवर तसेच मऊ, आत वळलेले केस. आईने हाकसुद्धा मारली नाही. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जोरात, धरूनच ठेवला.

मुलगा दचकून उठला. भलताच कोणी होता.

"काय झालं? कोण पाहिजे?"

आईने हात काढला नाही. तिला काढताच येत नव्हता. आत्याने पुढे होऊन तिची बोटं सोडवली आणि त्या मुलाला सगळं सांगितलं. ह्या वेळी हळू आवाजात, पण तरीही अर्धी अभ्यासिका वळून बघू लागली. नाव ऐकताच त्या मुलाचा चेहरा बदलला.

"तुम्ही दादाच्या आई?"

तो त्यांना बाहेर जिन्यापाशी घेऊन गेला. आणखी दोघंतिघं मागोमाग आली. गप्प्याला इथे सगळे दादा म्हणत. तो वर्षभर इथेच असायचा. अभ्यासिका चोवीस तास उघडी असते. झोपायची परवानगी नाही, पण पुस्तकावर डोकं टेकलं तर व्यवस्थापक बघून न बघितल्यासारखं करतात. गणितात अडलं की मुलं दादाकडे जात. ह्याच जिन्यावर बसून तो तासन् तास समजावून सांगायचा.

"तासन् तास? बोलायचा तो?" आईने विचारलं.

"खूप छान बोलायचे. त्यांच्यामुळे मी पास झालो," तो भोवऱ्यांचा मुलगा म्हणाला.

"मग स्वतः का नापास झाला मेला?" आत्या म्हणाली आणि तिचा आवाज मध्येच चिरकला.

मुलं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी तोच मुलगा बोलला. "सगळं यायचं त्यांना. पण पेपरच्या दिवशी हात थरथरायचे. दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. एकदा मी त्यांना हाताला धरून आत नेलं. आत गेल्यावर ते ओकले. मग त्यांनी जाणंच सोडलं." मग त्याने आईकडे बघितलं. "घरी सांगायचं म्हणत होते. दर आठवड्याला म्हणायचे, ह्या रविवारी सांगतो. गेल्या रविवारी सकाळी मात्र म्हणाले, आज नक्की. अंघोळ करतो, नीट कपडे घालतो आणि फोन लावतो. त्यानंतर दिसलेच नाहीत."

आत्या जिन्याच्या पायरीवर मटकन बसली.

"वहिनी," ती म्हणाली, "त्या आधीच्या रविवारी तो म्हणाला होता गं, आत्या, एक सांगायचं होतं. आणि मी त्याला बोलू दिलं नाही. मी म्हटलं, तुझ्या पदवीदान समारंभाला मी अख्खी कँटीन घेऊन येणार आहे. सगळ्यांना सांगून ठेवलंय. तो हसला. खरंच हसला गं तो."

आईला तिला काहीतरी म्हणायला हवं होतं. तुमचा काय दोष, असं काहीतरी. पण तिच्या डोक्यात फक्त एकच गोष्ट फिरत होती. अंघोळ केली, नीट कपडे घातले आणि फोन लावला नाही. असं माणूस कधी करतं? नदी कुठे आहे ह्या गावात, असं तिच्या तोंडावर आलं होतं. तिने ते विचारलं नाही. विचारलं असतं आणि कोणी बोट दाखवलं असतं तर?

"कलामंदिरात बघा," एक मुलगी म्हणाली. "नाटकवाल्यांबरोबर असायचा तो. प्रॉम्प्टिंग करायचा, विसरलेली वाक्यं मागून सांगायचा."

कलामंदिराच्या मागच्या दाराने त्या आत गेल्या तेव्हा तालीम चालू होती. रंगमंचावर एक मुलगा गुडघ्यावर बसून आक्रोश करत होता, "मी मेलो तर तुम्हाला सुटल्यासारखं होईल!" आणि समोर बसलेला दिग्दर्शक पेन्सिल आपटत म्हणत होता, "परत. खोटं वाटतंय." आईने कानांवर हात ठेवले.

गप्प्याचं नाव निघताच दिग्दर्शक उसळला. "सापडला का तो? उद्या प्रयोग आहे माझा! रविवारच्या तालमीपासून गायब. फोन बंद. अशा बेजबाबदार माणसावर मी…"

"तोंड सांभाळा," आत्या म्हणाली. तो कँटीनचा आवाज होता. सभागृहाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. "माझा भाचा हरवलाय. तुमचा प्रयोग गेला खड्ड्यात!"

 पेन्सिल खिशात ठेवून दिग्दर्शक हळूच म्हणाला, "माफ करा. मला वाटलं, कंटाळून गेला."

विंगेतून एक उंच मुलगी आली. नाटकात ती राणी होती, अर्धा मुकुट अजून डोक्यावर होता. ती दोघींना मागच्या सामानाच्या खोलीत घेऊन गेली. लाकडी तलवारी, कापडी झाडं, एक मोडकं सिंहासन आणि त्याच्यामागे दुमडलेली सतरंजी. "तो इथे झोपायचा. कोणाला माहीत नव्हतं, फक्त मला. इथल्या व्यवस्थापकांना कळलं असतं तर काढून टाकलं असतं त्याला."

सतरंजीशेजारी त्याची पिशवी होती. आईने ती उघडली. दोन शर्ट, नीट घडी घातलेले, तशीच घडी जशी ती दुकानातले टॉवेल घालायची. पुस्तकं. फोनचा चार्जर.

चार्जर हातात घेऊन ती बघतच राहिली.

"ताई," ती आत्याला म्हणाली, "चार्जर इथे आहे. तो कुठे लांब जाणार नव्हता."

"टॉवेल कुठे आहे?" राणी झालेल्या मुलीने विचारलं. तिने पिशवी घेतली, उलटी केली. "साबणाचा डबा पण नाही. अंघोळीला तो टँकवर जायचा. पोहण्याचा तलाव आहे ना क्रीडासंकुलात, तिथल्या न्हाणीघरात. मागच्या खिडकीची कडी मोडलेली आहे, तिथून आत जायचा. पण…" तिचा हात थांबला. "पण टँक बंद आहे. शनिवारी पाणी काढलंय, फरशी बदलायचीय म्हणून. दाराला साखळी आहे."

आई तिचं पुढचं काही ऐकायला थांबली नाही. ह्या वयात, सकाळपासून पोटात चहापलीकडे काही नसताना ती रस्त्यातून धावत सुटली. मागून आत्या, तिच्यामागून मुकुटातली मुलगी. एका सायकलवाल्याने करकचून ब्रेक लावला आणि शिवी दिली. तीही तिला ऐकू आली नाही.

क्रीडासंकुलाच्या दारातला वॉचमन आरामात बसला होता. आतल्या हॉलमध्ये बॅडमिंटन चालू होतं, आणि वरच्या व्यायामशाळेतून ढणढण गाणी ऐकू येत होती.

"टँक बंद आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे. उघडा," आई म्हणाली.

"किल्ली साहेबांकडे. साहेब बाहेरगावी. उद्या या."

"आत माझा मुलगा आहे!"

वॉचमनने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. केस सुटलेले, चपलेचा अंगठा तुटलेला. "अहो, साखळी लावलेली आहे. आत कोणी कसं जाईल? पाणीसुद्धा नाही आत."

"तुम्ही आत जाऊन बघितलं का? रविवारपासून एकदा तरी?"

"रिकाम्या टँकमध्ये काय बघायचं?" तो म्हणाला. मग जरा घुटमळला. "सोमवारी आवाज येत होता कसला तरी. पण कबुतरं आहेत आत. छपरात."

 आत्याने वॉचमनची कॉलर धरली, पण आई तिथे नव्हतीच. ती इमारतीला वळसा घालून मागे गेली होती.

मागे गवत वाढलेलं होतं आणि भिंतीत, डोक्याच्याही बरीच वर, एक अरुंद खिडकी होती. काच थोडी किलकिली. आईने हाक मारली. "गप्प्या!" तिने श्वास रोखून ऐकलं. वर गाणी ढणढणत होती. "गप्प्या रे!" काही नाही. तिने उडी मारून चौकटीला हात घालायचा प्रयत्न केला, भिंतीवर नखं घासली. पुन्हा. पुन्हा. बोटांतून रक्त येऊ लागलं आणि खिडकी तितकीच उंच राहिली. ती भिंतीवर डोकं आपटून रडू लागली, तेवढ्यात आत्या धापा टाकत आली. तिने एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा वहिनीकडे, आणि गवतात ओणवी झाली.

"चढ," ती म्हणाली.

"ताई, तुमची पाठ…"

"पाठ गेली चुलीत. चढ म्हणते ना!"

"तुम्हाला पाय लागेल माझा."

"लागू दे! आयुष्यभर मान दिलास तेवढा पुरे झाला. चढ!"

आई नणंदेच्या पाठीवर उभी राहिली. खाली आत्याच्या तोंडून एक कण्हणं आलं, पण ती हलली नाही. मुकुटातल्या मुलीने खालून पाय उचलून दिले. आई खिडकीतून अर्धी आत लोंबली, मग तोल जाऊन पलीकडे पडली, खांद्यावर. न्हाणीघर होतं. खुंटीवर टॉवेल होता. तिनेच पाठवलेला, निळ्या काठाचा.

दार ढकलून ती तलावाच्या काठावर आली. एवढी मोठी रिकामी जागा तिने कधी बघितली नव्हती. छपराच्या काचेतून संध्याकाळचं ऊन तिरपं आत येत होतं आणि खाली पांढऱ्या फरशीचा उतार खोल खोल जात होता. टोकाला उडी मारायची उंच फळी. त्या फळीच्या बरोबर खाली, सगळ्यात खोल जागी, जिथे जाळीपाशी थोडं पाणी साचलं होतं, तिथे तो होता. कुशीवर. एक पाय नको तिथे वळलेला.

ती शिडीने उतरली की उडी मारून, हे तिला नंतर कधीच आठवलं नाही. उतारावरून ती बसूनच घसरत गेली. त्याच्याजवळ पोचल्यावर मात्र हात लावायचा धीर होईना. हात लावला आणि तो गार लागला तर? जवळच त्याचा फोन फुटून पडला होता. पायाला वास येत होता. पँट काळी, घट्ट झाली होती.

तिने त्याच्या कपाळाला हात लावला. भट्टीसारखं तापलं होतं. जन्मात तिला कशाचाही एवढा आनंद झाला नव्हता.

"गप्प्या. बाळा. मी आले रे. आई."

त्याचे ओठ फाटले होते. डोळे अर्धवट उघडले, पण तिच्याकडे बघत नव्हते. कुठेतरी दुसरीकडेच बघत तो म्हणाला, "आई, बरा आहे मी. जेवलो. अभ्यास चालू आहे. उद्या पेपर आहे ना… थोडं झोपू दे."

तिने ओरडायला तोंड उघडलं. ती ओरडली तेव्हा छपरातली सगळी कबुतरं एकदम उडाली. मग बाहेरून साखळीवर काहीतरी आपटल्याचे आवाज येऊ लागले. बॅडमिंटनवाली मुलं, अभ्यासिकेतली मुलं, तो दिग्दर्शक, आणि सगळ्यांवर आवाज चढवणारी आत्या. ती वॉचमनलाच कुलूप फोडायला लावत होती.

रुग्णालयात डॉक्टर फार स्पष्ट बोलले. साचलेलं पाणी पिऊन तो जगला, एरवी हाती लागला नसता. पण तेच घाण पाणी जखमेतही गेलं होतं. उघडी जखम, मोडलेलं हाड, तीन दिवस. पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. उशीर केला तर मांडीपर्यंत, आणि आणखी उशीर केला तर…

"दुसरा डॉक्टर बघू," आत्या म्हणाली. "वहिनी, सही करू नकोस. पाय कापतात का असा? तरणाताठा पोरगा आहे. कोणीतरी असेल जो वाचवेल. मी शोधते. मी आत्ता शोधते." ती खरोखरच मार्गिकेतून येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या डगल्याला थांबवून विचारू लागली. तुम्ही पाय वाचवता का? तुम्ही? लोक तिला चुकवून जाऊ लागले. आत्याची मोठी, भक्कम पाठ त्या संध्याकाळनंतर सरळ होत नव्हती. ती वाकूनच ह्या माणसाकडून त्या माणसाकडे जात होती.

आईने सही केली. अक्षर तिचं तिलाच ओळखू आलं नाही. मग ती उठली, आत्याला धरून आणलं आणि बाकावर आपल्याजवळ बसवलं. आत्या तिच्या खांद्यावर डोकं ठेवून "मी त्याला बोलू दिलं नाही" एवढंच म्हणत राहिली.

तो शुद्धीवर आला तेव्हा कोणी काही विचारलं नाही. मुलं येऊन गेली. भोवऱ्यांचा मुलगा दाराशीच उभा राहून रडला आणि परत गेला. रेक्टरही आले आणि फळं ठेवून गेले. गप्प्या छताकडे बघत पडून असायचा. पांघरुणाखाली जिथे पाय संपत होता तिकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. जेवण भरवलं तर गिळायचा, नाही भरवलं तर मागायचा नाही.

एका दुपारी आत्या औषधं आणायला खाली गेली असताना आईला राहवलं नाही.

"गप्प्या, एक विचारू? तू त्या फळीवर कशाला चढलास?"

त्याने डोळे मिटले. तिला वाटलं, झोप लागली असेल.

"अंघोळ झाली," तो म्हणाला. "तुझा नंबर काढला. न्हाणीघरात रेंज नव्हती. वाटलं, वर बरी येईल. म्हणून चढलो. खरंच त्याच्यासाठीच चढलो, आई."

"मग?"

"वर गेल्यावर रेंज आली. खाली पाणी नाही, हे दिसत होतं मला. नंबर लावायचा होता फक्त. किती वेळ तसाच उभा होतो माहीत नाही."

"आणि पाय घसरला." हे तिने विचारलं नाही, सांगितलं. त्याने हो म्हणावं म्हणून.

त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. "तेच आठवत नाही. घसरला की मी घसरू दिला. खूप आठवून बघतो. पडल्यावर ओरडत होतो, एवढं आठवतं. दोन दिवस ओरडत होतो. म्हणजे जगायचंच असेल ना मला?"

 हो म्हणाली असती तर खोटं बोलल्यासारखं झालं असतं, आणि खोटं तर ह्या घरात पुरेसं झालं होतं. तिने त्याचा हात धरला. 

आत्या औषधं घेऊन आली. ती दोघांच्या तोंडाकडे बघून काय समजायचं ते समजली, आणि पिशवी ठेवता ठेवता म्हणाली, "घरी सगळ्यांना सांगून टाकलंय मी. कँटीनमध्येसुद्धा. पोरगा नापास आहे, पाय गेलाय आणि जिवंत आहे. आता कोणी काही विचारणार नाही, आणि विचारलं तर मी आहे."  ती पिशवीत उगीचच काहीतरी शोधत राहिली.

त्याची खाट तिसऱ्या मजल्यावर होती, मोठ्या खिडकीला लागून. आईने नर्सला विचारलं, खाट बदलून मिळेल का? आतल्या बाजूला, भिंतीकडे? नर्स म्हणाली, एकही खाट रिकामी नाही, आणि खिडकीची जागा तर लोक मागून घेतात, छान उजेड येतो.

आई परत आली. तिने आपलं स्टूल उचललं, खाटेला वळसा घातला आणि खाट आणि खिडकी ह्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत कसंबसं ठेवलं. बसली तेव्हा गुडघे खाटेच्या लोखंडाला टेकत होते आणि पाठ काचेला.

गप्प्याने तिच्याकडे बघितलं. काय चाललंय ते त्याला कळलं.

"आई," तो म्हणाला, "मी उठूसुद्धा शकत नाही."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तरी बसते."